पाळलेली माशी

आमच्या वावरातल्या त्या तुकड्यात टोमॅटो लावला व्हता तो आजारी पडावा म्हणून. आन् तो नीट आजारी पडतोय का नाय, हे बघायला मी रोज सकाळी बांधावर जायचे. ऐकून वाटंल का बाईचं डोकं फिरलं. वाटू द्या. आख्ख्या गावाला तेच वाटत व्हतं.

गाव आमचं विंचूरच्या अलीकडं. उन्हाळी टोमॅटो म्हंजे इथं औषधावर जगणारं पीक. पांढरी माशी येती, पानाच्या खालून रस पिती, आन् एका झाडाचा व्हायरस दुसऱ्याला लावीत फिरती. मंग शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी वळतात, झाड खुजं राहतं, फूल गळतं. त्याला आमी बोकड्या म्हणतो. एकदा आला का त्याच्यावर औषध नाय. म्हणून तो यायच्या आधीच माणूस दिवसाआड पंप पाठीवर घेतो आन् माशीच्या मागं लागतो.

आमच्या मालकांनी तो पंप लग्नाच्या आधीपासून वाहिला. तोंडाला नुसता रुमाल बांधायचे, तोबी घामानं खाली यायचा. मागल्या उन्हाळ्यात सरीतच आडवे झाले. तोंडाला फेस, डोळ्यातल्या बाहुल्या बाजरीच्या दाण्याहून बारीक. दवाखान्यातून परत आले हे नशीब. पण तव्हापासून शेजारच्या वावरात कुणी औषधाचं झाकण उघडलं तरी यांचा दम कोंडतो. घरात खाटेवर बसून राहतात, वारा कुठून येतो ते बघत.

आन् मंग तो पंप घेतला कुणी? माझ्या नवनाथनं. घरच्यात मारतो, आन् रोजानं लोकांच्या वावरातबी मारतो. रोज चांगला मिळतो, म्हणून हसत जातो. संध्याकाळी आला का सून राखी त्याला अंगणातच उभा करून पाणी ओतती, तरी ताटावर बसला का हाताला तो उग्र वास येतोच. एकदा घास खाली ठेवून म्हणला, "आई, भाजी आळणी झाली का गं?" भाजीत मीठ बरोबर व्हतं. याच्या जिभेची चव गेली व्हती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, माझ्या पोराच्या पाठीवरून तो पंप उतरला पाहिजे. बाकी देवानं, सरकारनं, कुणी काय नाय दिलं तरी चालंल.

अशात खुशनुमा मॅडम आल्या. मालेगावची पोरगी, नाशकातल्या एका भाजीपाला संशोधन केंद्रात कामाला. प्रयोगाला वावर पाहिजे व्हतं, आन् शेतकरी तयार व्हत नव्हता. अट ऐकली का जो तो हात जोडायचा.

"लताताई, एक जंगली टोमॅटो असतो," मॅडम ओट्यावर बसून सांगायला लागल्या. "बोराएवढा, पिकला तरी हिरवाच, चवीला कडू. पण त्याला बोकड्या होत नाही. त्याचा तेवढाच गुण आपल्या टोमॅटोत आणायचा. वर्षानुवर्षं मी ही सोयरीक जमवतेय. कधी फळ चांगलं तर गुण गायब, कधी गुण आला तर फळ कडू."

"मंग आता जमली का?"

"चिमूटभर पान तोडून प्रयोगशाळेत तपासलं की कुठल्या रोपात तो जीन आलाय ते कळतं. त्यातली निवडून आणलीत. पण खरं काय ते वावरात. माशीच्या तोंडी दिल्याशिवाय समजणार नाही. फवारणी एकसुद्धा करायची नाही. आणि मधून मधून बाजारातल्या साध्या टोमॅटोची ओळ, म्हणजे रोग सगळीकडे सारखा पसरेल."

म्हंजे शेजारी रोगी निजवायचा आन् बघायचं का कुणाला लागण व्हत नाय. मला ते लगेच पटलं. मालक खाटेवरून म्हणले, "द्या आपलं वावर." नवनाथ तेवढा कुरकुरला, "लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते महिन्याभरात कळलंच. साध्या टोमॅटोच्या ओळी बघता बघता आकसल्या. मॅडमच्या ओळीतली काही झाडंबी वळायला लागली, काही ताठ व्हती. पण रस्त्यावरनं जाणाऱ्याला ताठ झाड दिसत नाय, वळलेलं दिसतं. मोटारसायकल थांबवून लोक बघायचे. "काय लताबाई, टोमॅटो लावला का कोबी? फवारायचा आळस आला व्हय?" बाया विहिरीवर मला बघून बोलणं थांबवायच्या. कष्टानं राहिलेल्या माणसाला आळशी म्हटलेलं जितकं लागतं ना, तितकं उपाशी ठेवलेलं लागत नाय. मी वरून हसायचे आन् आत धुमसायचे.

आमच्या बांधाला बांध धनराजचा. मोठा बागायतदार, बोलायला फटकळ, पण अडल्यानडल्याला धावणारा. मालकांना सरीतून उचलून आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते त्यानंच. तो दोनदा येऊन गेला. "झुंबरभाऊ, फवारायला माणूस नाय का? सांगा तसं." मालकांनी त्याला समदं समजावलं. जंगली टोमॅटो, जीन, माशी. धनराजनं मान हलवली, "बरं बरं" म्हणला, आन् मालकांच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. तो हात ठेवला तव्हाच मला शंका यायला पाहिजे व्हती.

माझ्या बहिणीच्या पोरीचं लग्न देवळाली कॅम्पला व्हतं. समदे गेलो. विहारात लग्न लागलं, जेवणं झाली, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बसनं परत आलो. फाट्यावर उतरून घराकडं वळलो आन् मालक एकदम थांबले. उपरणं नाकाला लावलं आन् रस्त्याच्या कडंला बसलेच.

"वास," म्हणले. "आपल्याकडून येतोय."

मी पळत सुटले. लग्नातली पैठणी घोट्यावर धरून पळाले. वावरात धनराजचा ट्रॅक्टर उभा, मागं औषधाची टाकी, आन् गल्लीतले बाप्ये चिंब भिजून पाइप गुंडाळत व्हते. समद्या तुकड्यावरून औषध निथळत व्हतं. झाडाखाली पांढऱ्या माशीचा कोंडा पडला व्हता.

"आल्या का लताबाई!" धनराज दोन्ही हात पसरून म्हणला. "झालं बघा काम. कोपरा न् कोपरा धुतला. इर्जिक घातली समजा. औषध माझं, ट्रॅक्टर माझा, हे समदे आपखुशीनं आले. तुमी फक्त चहा पाजा."

माझ्या तोंडात अशा शिव्या आल्या व्हत्या का ऐकणाऱ्याचे कान किटले असते. पण समोर बघते तं या बाप्यांचे डोळे लाल झालेले, सदरे अंगाला चिकटलेले. अडलेल्याच्या वावरात गावानं बिनमोल राबायची ही जुनी रीत. मी सासरी आल्यापासून आमच्या वावरात कुणी इर्जिक घातली नव्हती. पहिल्यांदा घातली ती ही!

धनराज बाजूला आला आन् खालच्या आवाजात म्हणला, "झुंबरभाऊला आता पंप उचलत नाय. नवनाथ लोकांची कामं आवरून दमतो. तुमाला सांगायला अवघड वाटतं, म्हणून ते प्रयोगाचं सांगता. मला काय कळत नाय व्हय? गावात राहून आसं मनाला लावून घ्यायचं नसतं, लताबाई."

राखीनं चहा टाकला. मी समद्यांना कपबशा दिल्या आन् "लय उपकार झाले" म्हणले.

रात्री जेवायला कुणी बसलं नाय. नवनाथ म्हणला, "मॅडमला सांगू नको. त्या येतील तवर वास उडून जाईल. ताठ झाडं ताठच हायत. त्यांना काय कळणार?"

"कळणार नाय, हे खरं," मी म्हणले.

"सांगितलं तं वावर बंद करतील. दुसऱ्या तालुक्यात जातील. आन् गाव आपल्याला इतके दिवस हसलं ते फुकट."

राखी भिंतीला टेकून बसली व्हती. ती म्हणली, "आत्याबाई, यांचंबी बरोबर हाय. आपण थोडंच मारलं औषध?"

माझंबी मन डळमळलं, खोटं कामून बोलू? मालक मात्र खाटेवर उठून बसले. दम लागत व्हता, तरी बोलले. "फवाऱ्यानं वाचलेलं झाड निकोप म्हणून पुढं गेलं, तं त्याचं बी गावोगाव जाईल. लोक पंप अडगळीत टाकतील, आन् पीक बोकड्यानं बसंल. मंग पुन्हा कुणी पंप सोडील का? जन्मात सोडणार नाय. नवनाथ, तुझी पोरं मारतील पंप."

मी तिथल्या तिथं फोन लावला.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. वावरात फिरल्या, एक पान हातात घेतलं, हुंगलं, आन् बांधावर मटकन बसल्या. रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. "या अल्ला," एवढंच म्हणल्या. मंग त्यांच्या साहेबांचा फोन आला. बोलून झाल्यावर डोळे पुसून मला म्हणल्या, "या वावराचं निरीक्षण आता धरता येणार नाही. साहेब म्हणतात, बंद करा."

"करा बंद," मी म्हणले. "पण दुसरा काय मार्ग असंल तो आधी सांगा. तुमी इतकी वर्सं सोयरीक जमवली, ती एका पाइपनं मोडायची का?"

त्या हळूहळू बोलायला लागल्या. इथं लावलेल्या प्रत्येक रोपाची एक एक फांदी त्यांनी लावणीच्या आधीच काढून केंद्रात जाळीखाली लावली व्हती. जुळंच म्हणा ना. त्या जुळ्यांना ना माशी लागली व्हती ना औषध. ती इथं आणायची, बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची, शेजारी साधा टोमॅटो ठेवायचा, आन् आत सोडायची इथलीच, याच गावच्या बोकड्याची माशी.

"केंद्रात ते करता येत नाही. तिथे रोगाची माशी नेली तर बाकीच्यांचं सगळं काम बसेल. तुमच्या अंगणात..."

"अंगण सारवून ठेवते," मी म्हणले.

पिंजरा उभा राहिला. लाकडी चौकट, तिच्यावर मच्छरदाणीहून बारीक पांढरी जाळी, आत काळ्या पिशव्यांतली रोपं. समदं झालं, आन् माशीच नाय! आमच्या वावरातली माशी साधीभोळी, तिला औषध माहीतच नव्हतं, एका फवाऱ्यात खलास झाली. रोगाची माशी आणायची कुठून? मॅडम म्हणल्या, जिथं औषध सारखं पडतं तिथंच बघा, तिथली माशी औषधाला सरावलेली असती. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् आमी दोघीबी धनराजच्या बांधाकडं बघितलं.

भल्या सकाळी गेलो. गारव्याला माशी पानाखाली गप बसलेली असती, उडत नाय. धनराज ठिबकची नळी साफ करीत व्हता.

"धनराजभाऊ, एक मागायचंय. नाय म्हणू नका."

"मागा की."

"माशी द्या."

तो हसला. मंग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "मह्या वावरात माशी? परवाच मारलंय, लताबाई. भारीतलं भारी औषध हाय. मह्या वावरात डास दिसायचा नाय, आन् तुमी माशी मागता?"

भांडायचं नव्हतं मला. मी एका झाडाशी वाकले आन् खालची फांदी हळूच उलटी केली. पानाची मागची बाजू पांढरीफेक, पिठाचा हात लागल्यासारखी. फांदी जरा हलली तं धुरळा उठला, आन् धनराजच्या भुवयांवर, मिशांवर बसला. दुसरं झाड. तिसरं. शेंडे वळायला लागलेच व्हते, लांबून कळत नव्हतं इतकंच.

धनराजनं मिशीवरून हात फिरवला. "मी परवाच मारलंय," पुन्हा तेच म्हणला. मंग स्वतःच्या हाताकडं बघितलं. नखं पिवळी पडलेली, बोटांच्या पेरांना भेगा. "मंग हे मी मारतो कुणाला?"

मला त्याची इतकी दया आली! जो माणूस माझ्या मालकाला उचलून घेऊन पळाला व्हता, त्याला मी असं उघडं पाडलं. पण पोराचा घास डोळ्यांपुढं आला आन् मी पिशव्या काढल्या. फांदीवर पिशवी घालायची, फांदी कापायची, तोंड बांधायचं. धनराजला काय वाटलं कोण जाणे, त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आन् स्वतःच फांद्या कापायला लागला. "ही घ्या. हिच्यावर लय हायत," म्हणला.

मंग काय विचारता! लताबाई माशी पाळती, ही बातमी विंचूरच्या कांदा बाजारापर्यंत गेली. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून अंगणात डोकवायची. "लताबाई, दूध किती देती हो?" "शेण टाकती का?" मी म्हणायचे, "तुमच्याच वावरातून आणलीय, चारापाणी विचारून घ्या तिला." राखीला आधी लाज वाटायची. नंतर तीच पिंजऱ्यापुढं बसून भाजी निवडायला लागली, आन् कुणी जाळीला हात लावला का खेकसायची. मालक खाटेवरून उठून सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्याला चक्कर घालायचे. औषधाचा थेंब नाय, त्यामुळं त्यांना दम लागत नव्हता. आजारपणानंतर एवढा वेळ झाडाजवळ उभं राहिलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघत व्हते.

नवनाथ मात्र तोंड फुगवून. एक दिवस सरळ म्हणला, "आई, तुझं हे जमलं तं मी खाऊ काय? फवारणीचा रोज बंद व्हईल."

"काठ्या रोवशील, तारा बांधशील, माल तोडशील. पीक जगलं तं त्याच्यामागं कामाचा तोटा हाय का? आन् जेवताना भाजीची चव कळंल तुला."

त्या रात्री ताटावर बसला तव्हा राखीला म्हणला, "मीठ हाय ना गं यात?" आन् ती हो म्हणली तसा मान खाली घालून जेवला.

पिंजऱ्यातल्या साध्या टोमॅटोनं आधी माना टाकल्या. पानं वळली, शेंडा गोळा झाला. मंग मॅडमच्या रोपांतलंबी एकेक जायला लागलं. गेलं का मॅडम त्यावर लाल दोरा बांधायच्या आन् ओठ आवळायच्या. मला वाटलं, गेलं समदं. पण काही रोपं गेलीच नाय. माशी त्यांच्यावर बसायची, रस प्यायची, अंडी घालायची. पानं मात्र तळहातासारखी सपाट. शेंडा वर, नवी पालवी वर, आन् त्यातच फूल निघालं. पिवळं, देठाला घट्ट.

मॅडमनी त्या रोपांची पानं पुन्हा प्रयोगशाळेत नेली. फोन आला तव्हा मी भाकरी थापत व्हते. "लताताई, जी उभी आहेत ना, त्या सगळ्यांत जंगलीचे दोन जीन आहेत, मी शोधत होते तो आणि आणखी एक. एकच आहे ती पडली. दोन असले की उभी राहतात! वावरात मला हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं." त्या हसत व्हत्या का रडत व्हत्या, कळंना. माझ्या हातातली भाकरी परातीतच मोडली. मालकांना सांगायला गेले ती नुसती मान हलवली. त्यांना कळलं.

त्या झाडांची फळं पिकली, बी धरलं, त्यातनं पुन्हा निवड झाली. साहेबांनी वावर बंद करायची गोष्ट परत काढली नाय. उलट पुढच्या उन्हाळ्याला मोठं वावर पाहिजे म्हणले, जिथं माशी भरपूर असंल आसं. मॅडमनी गावात सभा घेतली आन् विचारलं, बिनफवारणीचं वावर कोण देणार? समदे एकमेकांकडं बघायला लागले. मागून धनराज उठला. "माशी मह्याकडंच जास्त हाय," म्हणला, "समद्यांना माहितीच झालंय."

लोक हसले, पण तोबी हसला.

लावण झाली. रोपं तारेला लागली, आन् ऊन तापलं तशी माशी आली. सकाळी सकाळी धनराजनं फोन केला. "लताबाई, या बरं जरा." आमी समदे गेलो, मालकसुद्धा. बघते तं सरीतनं पांढरा धुरळा उठतोय नुसता. शेजारच्या साध्या ओळी वळायला लागलेल्या. नव्या झाडांवर माशीच माशी, आन् धनराज या सरीतून त्या सरीत येरझाऱ्या घालतोय. कपाळावर घाम.

"आता काय करायचं?"

"काय नाय करायचं."

"काहीच नाय?"

"बसायचं."

"अवो, बसायचं कसं? जन्म गेला आमचा. माशी दिसली का हात..." आन् बोलता बोलता तो वळला, नेहमीच्या सवयीनं ओरडला, "नवनाथ, पंप घे रे!"

नवनाथ जागच्या जागी थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं. ज्याचं वावर त्याचा हुकूम, मी काय म्हणणार? रोजाचा मालक हाक मारतोय आन् पोराला सवय हुकूम ऐकायची.

नवनाथ चालत गेला. धनराजचं मनगट धरलं, आन् त्याला बांधावर खाली बसवलं. स्वतः शेजारी बसला. मनगट सोडलं नाय.

धनराजनं हिसका दिला नाय. मंग हळूच म्हणला, "धरून ठेव रे बाबा. मी उठायला लागलो तं उठू देऊ नको. तुझा आजचा रोज त्याचाच."